काडेपेटीच्या कडेचा तांबडा पट्टा

माझी आजी लग्न होऊन बीड जिल्ह्यातल्या सिरसाळ्यात आली तेव्हा गावात काडेपेटी मिळत होती, पण रोज काडी ओढायची चैन कुणी करत नसे. चूल पेटायची ती कालच्याच विस्तवावर. रात्री शेवटची भाकर उतरली की एक जळती गोवरी चुलीतल्या राखेत पुरून ठेवायची. पहाटे राख उकरली की आत लाल इंगळ जिवंत असायचा. त्यावर दोन वाळल्या काड्या, थोडा भुसा, फुंकणीने चार फुंका, की झाला जाळ. एखाद्या रात्री विस्तव विझलाच तर पोरीला गोवरीचं खांड हातात देऊन शेजारी पाठवायचं. ‘माय, जरा इस्तू दे’ म्हटलं की कुणी नाही म्हणत नसे. अपवाद फक्त तिन्हीसांजेचा. त्या वेळी विस्तव घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा दंडक आजीने शेवटपर्यंत पाळला.

शेतावर मुक्कामाला असलेल्या माणसाजवळ, विशेषतः चिलीम ओढणाऱ्याजवळ, चकमक असे. पोलादाचा एक तुकडा, एक गारगोटी आणि ठिणगी झेलायला कापूस. गारगोटी विकत घ्यावी लागत नसे. आमचा सगळा मुलूख काळ्या बेसाल्ट खडकाचा, आणि त्या खडकाच्या पोकळ्यांत तयार झालेल्या गारा नांगराच्या तासात वर येतात. कापूस बहुतेक काटेसावरीचा. तो हलका, चटकन ठिणगी धरणारा. पुढे काडेपेटीच्या काड्याही याच सावरीच्या लाकडाच्या झाल्या. विस्तव झेलणारं झाड तेच राहिलं, ठिणगी पाडायची रीत बदलली.

ही रीत कशी बदलली, कोणाच्या जिवावर बदलली, हे मला आयुष्यभर सांगावंसं वाटत आलं आहे. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, गावात किराणा दुकान होतं आणि मी पुढे शाळेत विज्ञान शिकवलं. अपरूपता शिकवायची वेळ आली की पुस्तकात हिरा आणि ग्राफाइट असतात. दोन्ही कार्बनच, एक सर्वांत कठीण, दुसरं कागदावर घासलं तर खुणा सोडणारं. उदाहरण बरोबर आहे, पण वर्गातल्या एकाही मुलाने हिरा हातात धरलेला नसतो. काडेपेटी मात्र प्रत्येकाच्या घरात असते. म्हणून मी फॉस्फरसपासून सुरुवात करायची. एकाच मूलद्रव्याची दोन रूपं माणसाशी किती वेगळी वागतात, हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कशातही दिसत नाही.

फॉस्फरस सापडला तो १६६९ साली, जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये. हेनिग ब्रांट नावाचा किमयागार सोनं करायच्या नादात माणसाचं मूत्र आटवत बसला होता. सोनं मिळालं नाही. मिळाला तो अंधारात आपोआप चमकणारा मेणासारखा पदार्थ. हा पांढरा फॉस्फरस. त्याच्या एका रेणूत चार अणू असतात, चार कोपऱ्यांच्या घनाकृतीत एकमेकांना जखडलेले. त्यांच्यातला कोन ६० अंशांचा पडतो. फॉस्फरसच्या बंधांना सोसेल त्याहून तो फार आवळलेला. ओली काठी वाकवून तिची दोन टोकं बांधावीत तसा त्या रेणूत कायम ताण असतो. म्हणून तो जरा निमित्त मिळालं की पेटतो. हवेत ३० अंशांच्या आसपास तो पेट घेतो आणि ४४ अंशांना वितळतो. म्हणून त्याला पाण्याखाली ठेवावं लागतं. सिरसाळ्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. म्हणजे आमच्या उन्हाळ्यात हा पदार्थ पाण्याबाहेर काढणं म्हणजे आग लावणंच. वर्गात हे सांगितलं की मुलांना तापमानाचे आकडे एकदम खरे वाटू लागायचे, कारण ते आकडे त्यांच्या अंगावरचे होते.

काडी घासून पेटवायची युक्ती मात्र आधी फॉस्फरसविना निघाली. इंग्लंडमधल्या स्टॉक्टन गावचा औषधविक्रेता जॉन वॉकर याने पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड यांचं मिश्रण काडीच्या टोकाला लावलं आणि १८२७ साली त्या काड्या विकायला काढल्या. खरकागदाच्या घडीत धरून काडी ओढायची. त्याने पेटंट घेतलं नाही. या काड्या नीट पेटत नसत, पेटल्या तर ठिणग्या उडवत. १८३० च्या सुमारास फ्रान्समध्ये शार्ल सोरिया या तरुणाने मिश्रणात पांढरा फॉस्फरस घातला, आणि काडी कुठेही घासली तरी पेटू लागली. भिंतीवर, बुटाच्या तळव्यावर, दगडावर. जगाला हेच हवं होतं. काही वर्षांत युरोपभर कारखाने उभे राहिले.

त्या कारखान्यांत काय झालं ते मी मुलांना कधीही थोडक्यात सांगितलं नाही. काड्यांची टोकं बुडवायच्या लगद्यातून फॉस्फरसची वाफ निघे. ती कामगारांच्या श्वासातून, किडलेल्या दातांतून जबड्याच्या हाडापर्यंत पोचायची. आधी दाढ दुखायची. मग हिरडी सुजायची. मग हाड सडू लागायचं, गालातून दुर्गंधी पू यायचा, आणि जबडा कापून काढण्यावाचून डॉक्टरांच्या हाती उपाय राहत नसे. अनेक जण तरीही मेले. कामावर बहुतेक बायका आणि मुली होत्या. जेवायला वेगळी जागा नव्हती, त्यामुळे त्याच हातांनी, त्याच बाकांवर डबा उघडला जाई.

आणि याच काळात फॉस्फरसचं दुसरं रूप सगळ्यांना ठाऊक झालेलं होतं. बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८४१ साली एकाच मूलद्रव्याच्या अशा वेगवेगळ्या रूपांना अपरूपतेच्या एका कल्पनेत आणलं. त्याच दशकात व्हिएन्नाच्या आंतोन श्र्योटरने पांढरा फॉस्फरस हवा न लागू देता सुमारे २५० अंशांवर तापवत ठेवला आणि तो तांबडा झाला. वजनात काही मिळवलं नव्हतं, काही काढलं नव्हतं. फक्त प्रत्येक रेणूतला एक आवळलेला बंध तुटला होता आणि शेजाऱ्याशी जोडला जाऊन लांब साखळी झाली होती. ताण गेला. हा तांबडा फॉस्फरस हवेत उघडा ठेवता येतो, अंधारात चमकत नाही, पेटायला २४० अंशांच्या वर उष्णता मागतो. पांढरा कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळतो, हा विरघळत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हा विषारी नाही. जबडा सडवणारं मूलद्रव्य आणि निरुपद्रवी मूलद्रव्य एकच होतं. फरक होता तो केवळ अणूंच्या मांडणीत.

(तिसरं, काळं रूपही आहे. अमेरिकेत पर्सी ब्रिजमनने १९१४ साली प्रचंड दाबाखाली ते मिळवलं. ते ग्राफाइटसारखं दिसतं, थराथरांचं असतं आणि वीज वाहून नेतं. पण काडेपेटीच्या गोष्टीत त्याला काम नाही.)

स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाश यांनी १८४४ साली एक साधी आणि मोठी कल्पना मांडली. फॉस्फरस काडीवर ठेवूच नका, तो पेटीच्या कडेला लावा, आणि तांबडा लावा. काडीच्या गुलात राहील फक्त क्लोरेट, गंधक वगैरे. दोघं एकत्र आले तरच आग. एरवी काडी कुठेही घासा, पेटणार नाही. यॉनशॉपिंग गावात लुंडस्ट्रॉम बंधूंनी हा माल मोठ्या प्रमाणावर काढला आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला पदक मिळालं. त्याच वर्षी लंडनच्या ब्रायंट अँड मे कंपनीने इंग्लंडपुरते त्याचे हक्क विकत घेतले.

इथे मी वर्गात थांबायची आणि विचारायची, मग पांढरा फॉस्फरस कधी बंद झाला असेल? मुलं म्हणायची, लगेच. त्यांचं उत्तर न्यायाचं होतं. तसं झालं नाही, याचं कारण भाव. तांबडा फॉस्फरस करायला पांढराच तापवावा लागतो, म्हणजे एक पायरी जास्त आणि खर्च जास्त. ब्रायंट अँड मे दोन्ही प्रकारच्या काड्या करत राहिली. गिऱ्हाईक स्वस्त काडी उचलत राहिलं. १८८८ च्या जूनमध्ये ॲनी बेझंट यांनी ‘द लिंक’ या आपल्या साप्ताहिकात त्या कारखान्यातल्या मुलींची मजुरी आणि त्यांच्यावर बसणारे दंड यांवर लेख लिहिला. जुलैत सुमारे १,४०० मुली-बायका कामावरून उठून बाहेर आल्या. आपल्याकडे टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग काढली आणि सप्टेंबरात मद्रासेत ज्या बाईंनी दुसरी होमरूल लीग काढली, त्या याच. मराठी वाचकाला त्या होमरूलमुळे माहीत असतात. मला त्यांची आठवण काडेपेटीमुळे आधी येते.

संप जिंकला. दंड गेले, जेवायला वेगळी खोली आली. पांढरा फॉस्फरस गेला नाही. १८९१ मध्ये साल्व्हेशन आर्मीने लंडनमध्येच तांबड्या फॉस्फरसचा, जास्त मजुरी देणारा कारखाना काढून दाखवला, तरीही नाही. १८९८ मध्ये जबड्याच्या आजाराचे १७ रुग्ण लपवल्याबद्दल ब्रायंट अँड मेला दंड झाला. तो होता २५ पौंड ९ शिलिंग. कंपनीने पांढरा फॉस्फरस सोडला तो १९०१ मध्ये. १९०६ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात देशांनी मिळून बंदीचा करार केला, १९०८ मध्ये ब्रिटनने कायदा केला, आणि ब्रिटिश हिंदुस्थानात पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घालणारा कायदा १९१३ साली झाला. त्याने त्या काड्यांची आयात, उत्पादन आणि विक्री तिन्ही बंद केली. म्हणजे श्र्योटरच्या भट्टीत उपाय तयार झाल्यापासून आपल्या इथल्या कायद्यापर्यंत साठाहून अधिक वर्षं गेली. रसायनशास्त्राने उत्तर केव्हाच दिलं होतं. ते उत्तर स्वस्त नव्हतं, एवढ्याच कारणाने तीन पिढ्यांचे जबडे सडले. मला आजही याचा राग येतो, आणि तो मी शिकवताना कधी लपवला नाही.

सिरसाळा तेव्हा निजामाच्या मुलखात. गावात चालायचा तो हाली सिक्का. मुंबई इलाख्यातून येणाऱ्या मालाला हद्दीवर करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागायची. त्या काळी हिंदुस्थानातल्या काड्या बहुतेक परदेशी, स्वीडनच्या आणि जपानच्या. त्या कारखान्यांनी आपल्या गिऱ्हाइकाची नस ओळखली होती. पेटीवर हत्ती, वाघ, राधाकृष्ण, देवदेवता. आजी सांगायची, रिकामी पेटी कुणी फेकत नसे. वरचं चित्र कापून भिंतीला, देवळीत चिकटवलं जाई. काडी मात्र मोजून वापरायची. दिवा लावताना ओढलेली काडी विझायच्या आत चुलीला, आणि चुलीवरून शेजारणीच्या गोवरीला. काडेपेटी आल्यावरही विस्तव मागायची रीत कितीतरी वर्षं टिकली ती यामुळे.

चित्र बदललं ते जकातीने. १९२२ मध्ये सरकारने परदेशी काड्यांवरची जकात ग्रोसमागे दीड रुपया केली. परदेशी माल महाग झाला, तेव्हा स्वीडिश मंडळी स्वतःच इकडे आली. १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विम्को, स्थापन झाली आणि मुंबईजवळ अंबरनाथला तिचा कारखाना सुरू झाला. अंबरनाथमध्ये विम्को नाका हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. त्याच सुमारास शिवकाशीचे अय्या नाडार आणि षण्मुग नाडार हे दोन तरुण कलकत्त्याला जाऊन काड्या करायचं काम शिकून आले आणि त्यांनी आपल्या कोरड्या, पावसाने रुसलेल्या गावात हातकामाचे कारखाने उभे केले. एकीकडे अंबरनाथची यंत्रं, दुसरीकडे शिवकाशीचे हात. १९३४ पासून दोघांच्याही पेटीवर अबकारी कराची कागदी पट्टी चिकटू लागली. अण्णांच्या दुकानात हे दोन्ही माल शेजारी शेजारी असायचे. विम्कोची जहाजाची पेटी आणि शिवकाशीची चित्त्याची. गिऱ्हाईक नाव घेत नसे. ‘जहाज दे’ किंवा ‘चित्ता दे’.

शिवकाशीच्या हातांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तांबड्या फॉस्फरसने जबडे वाचवले, पण लहान हात कामावरून सोडवले नाहीत. काड्या चौकटीत बसवणं, पेट्या भरणं ही कामं वर्षानुवर्षं मुलांकडून करून घेतली गेली. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला आणि धोक्याच्या कामावर मूल ठेवणाऱ्या मालकाने प्रत्येक मुलामागे २०,००० रुपये भरावेत असा आदेश दिला. हा निकाल मी वर्गात वाचून दाखवायची, तेव्हा समोरचे काही बाक रिकामे असायचे. दिवाळी झाली की आमच्या भागातल्या टोळ्या ऊसतोडीला जातात आणि बरीच मुलं आईबापांबरोबर फडावर. ज्यांच्यासाठी मी तो निकाल वाचत होते, ती मुलं तो ऐकायला वर्गात नसत.

आता पेटी नीट बघा. कडेचा तो विटकरी-तपकिरी पट्टा म्हणजे तांबडा फॉस्फरस, काचेची पूड आणि डिंकासारखं काही चिकट. गुलात पोटॅशियम क्लोरेट, गंधक, काचेची पूड, सरस आणि रंग. काडी ओढली की घर्षणाने पट्ट्यावरचा तांबडा फॉस्फरस, कणभरच, तापून पांढऱ्यात बदलतो. तो हवेत क्षणात पेटतो. त्या उष्णतेने क्लोरेटमधून ऑक्सिजन सुटतो, गंधक धरतं, मग मेण लावलेलं लाकूड. म्हणजे पांढरा फॉस्फरस अजूनही आपल्या हातात जन्मतो, पण क्षणाच्या लहानशा भागापुरता, आणि जन्मताच जळून जातो. पाशची खरी करामत मला ही वाटते. विष साठवून ठेवायचं नाही. हवं तेव्हा, हवं तेवढंच होऊ द्यायचं.

पावसाळ्यात दुकानात तक्रार यायची, काडी सादळली. पट्टा ओला झाला की तांबडा फॉस्फरस नुसता खरवडून निघतो, तापत नाही. बायका गुल केसांत दोनदा फिरवून कोरडं करायच्या आणि मग ओढायच्या. फडावर जाणारे लोक पेटी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, तिला गाठ मारून कमरेला लावत. अण्णा पावसाळ्याआधी पुडे फडताळाच्या वरच्या खणात, मिठापासून लांब हलवायचे. मिठाच्या पोत्याजवळ ठेवलेली पेटी हमखास सादळते. पेटी पन्नास पैशांची २००७ मध्ये रुपयाला झाली आणि १ डिसेंबर २०२१ पासून दोन रुपयांना. आता शेगडीजवळ लायटर असतो. तरी देवाजवळ आणि सरणाजवळ काडेपेटीच लागते.

पण याच दुकानांच्या फडताळावर फॉस्फरसचं दुसरं रूप अनेक वर्षं उघडपणे विकलं गेलं, आणि हे फार थोड्यांच्या लक्षात आलं. उंदीर मारायची ती ट्यूबमधली पेस्ट. तिच्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, पिवळा फॉस्फरस ३ टक्के. पिवळा म्हणजे पांढराच. उजेडात राहून त्याच्या पृष्ठभागाचा थोडा भाग तांबड्याकडे वळतो, म्हणून रंग पिवळसर दिसतो. गुण सगळे पांढऱ्याचे. माणसाच्या वजनाच्या किलोमागे सुमारे एक मिलिग्रॅम फॉस्फरस जीव घ्यायला पुरतो. १५ ग्रॅमच्या ट्यूबमध्ये ४५० मिलिग्रॅम असतो. पोटात गेल्यावर पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो, घरचे निर्धास्त होतात, आणि त्याच दिवसांत आतून यकृत निकामी होत असतं. त्याच्यावर उतारा नाही. लहान मूल ती टूथपेस्ट समजून तोंडात घालतं. कर्जाने, भांडणाने खचलेलं माणूस जाणूनबुजून खातं. आमच्या जिल्ह्याला दुसऱ्या प्रकाराबद्दल मी वेगळं सांगायला नको.

बर्नच्या कराराने आणि १९१३ च्या कायद्याने पांढरा फॉस्फरस काडीतून हाकलला, कारण तो कारखान्यात काम करणाऱ्यांना मारत होता. पेस्टमधून तो घरात आला, तेव्हा तो कायदा काड्यांपुरताच होता. तामिळनाडूने २०२२ मध्ये या पेस्टवर बंदी घातली. अण्णांनी ती विकणं त्याच्या पुष्कळ आधी बंद केलं होतं, मी त्यांना ट्यूबवरचं नाव वाचून दाखवलं त्याच दिवसापासून. उंदरांसाठी गिऱ्हाईक आलं की ते पिंजरा देत, आणि पिंजरा महाग म्हणणाऱ्याला एक आठवड्यासाठी फुकट.

आता दुकान भावाचा मुलगा चालवतो. मी अजूनही बाजारच्या दिवशी तिथे जाऊन बसते. उंदराचं औषध मागणाऱ्याला विचारते, घरात लहान लेकरू आहे का, कुणी फार दिवस गप्प गप्प आहे का. लोक चिडत नाहीत. बाई शाळेतल्या आहेत, म्हणून उत्तर देतात.